कानातला कापूस

आमच्या घराण्याचं पोट तोंडावर चालतं. आजोबा भिक्षुकी करत, वडिलांनी वकिली केली आणि मी अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. तीन पिढ्यांत कोणी काही पेरलं, ठोकलं, शिवलं किंवा दुरुस्त केलं असा पुरावा नाही. आम्ही बोललो आणि लोकांनी दिलं.

त्यातून मला व्याख्यानाचं व्यसन. विषय एकच, आई. गणपती-नवरात्रात, शाळांच्या स्नेहसंमेलनात, कुठल्याही मंडळाला वक्ता मिळाला नाही की फोन माझ्याकडे येतो. चांदूर बाजारला बोललो, मोर्शीला बोललो. वरूडला तर शालीऐवजी संत्र्याची पेटीच देतात, ती जास्त उपयोगी. भाषणात एक ठरलेली जागा आहे. तिथं मी थांबतो, चष्मा काढतो आणि पुसतो. चष्म्याला काहीही झालेलं नसतं. पण तेवढ्या वेळात पुढच्या रांगेतल्या बायकांचे पदर डोळ्यांना लागतात. कपाटातला शालींचा अख्खा गठ्ठा त्या एका जागेची कमाई आहे.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे दिवे लावले त्यांचा उजेड नीट पडेल.

बायको माहेरची अकोल्याची. शाळेत गणित शिकवते. कमी बोलते, पण कोण कधी काय बोललं ते विसरत नाही. लग्नाआधी मी तिला फोनवर मारलेल्या थापा ती अजून क्रमाने सांगू शकते. पहिलं बाळंतपण माहेरी, या नियमाने ती सातव्या महिन्यानंतर अकोल्याला गेली. मी इकडे अमरावतीत आईच्या हातचं जेवत, मित्रांना 'बाप होऊन राहिलो' असं सांगत, मिशीला पीळ द्यायचा तेवढा बाकी ठेवून फिरत होतो. मिशी नाही म्हणून.

मुलगी झाली. सिझेरियन करावं लागलं. मी पोचलो, पेढे वाटले, दवाखान्याच्या जिन्यात उभ्याउभ्या एका रिक्षावाल्यालाही कन्यारत्नावर दोन वाक्यं ऐकवली, आणि कॉलेजला सुट्टी नव्हती म्हणून परत आलो. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. मागितली नव्हती.

पहिल्या शनिवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेलो, तेव्हा बायको माहेरच्या घरी आली होती आणि आत्याबाईंच्या ताब्यात होती.

या आत्याबाई म्हणजे माझ्या वकील सासऱ्यांची मोठी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहतात. खानदानातलं कोणतंही बाळंतपण त्यांच्या परवानगीशिवाय पार पडत नाही. डॉक्टर फक्त बाळ बाहेर काढतो, पुढचं सगळं आपणच करतो, असं त्यांचं मत. आपण किती बाळंतपणं काढली याचा आकडा त्या दर वेळी वाढवून सांगतात. माझ्या सासूबाई, वयानं साठीच्या, त्यांच्यासमोर अजून नव्या सुनेसारख्या दारात उभ्या असतात.

खोलीची खिडकी ब्लँकेट लावून बंद केली होती. शेगडीवर ओवा धुमसत होता. बाजेवर बायको, डोक्याला कानावरून स्कार्फ गच्च बांधलेला, आणि स्कार्फच्या कडेतून दोन्ही कानांतून कापूस डोकावत होता. अकोला कापसाचा जिल्हा. इथं कापूस शेतात असतो, जिनिंगच्या आवारात असतो, ट्रकमागून उडत जाऊन बाभळीला लटकलेला असतो. बाळंतिणीच्या कानात इतका असेल ही मात्र माझी कल्पना नव्हती. वाती वळायला दिला असता तर चातुर्मास निघाला असता.

"कान उघडे ठेवले का वारं शिरते," आत्याबाई म्हणाल्या. "मंग जन्मभर डोकं दुखते. तुमाले नाई समजायचं, जावईबापू."

मला समजलं नाही ते निराळंच. कानात कापूस घातला की माणसाला ऐकू येत नाही, अशी त्या घराची हळूहळू समजूत झाली होती. कोणी तसं ठरवलं नव्हतं. बायकोशी बोलायचं तर सगळे ओरडून बोलत, नाहीतर हाताचा घास करून 'जेवली काय' असं खुणेनं विचारत. आणि तिच्याबद्दल बोलायचं तर बाजेच्या कडेला बसून, साध्या आवाजात, बिनधास्त. मी पदव्युत्तर शिक्षण घेतलेला माणूस. मीही पहिल्याच दिवशी बाजेपाशी जाऊन दोन्ही हातांनी पाळणा हलवल्याची खूण केली आणि भुवया उडवल्या. म्हणजे, बाळ कसं आहे?

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं, थकली असेल. मला असंच काहीतरी वाटत असतं.

बाळ पाहायला माणसं येत होती. ही जमात एकदा बसून पाहण्यासारखी आहे. येतात, चप्पल दारात काढतात, हात न धुता बाळाचा गाल ओढतात, त्याच्या मुठीत नोट कोंबतात आणि नाकाचा निकाल देतात. नाक वकिलांचं आहे. नाही, नाक तिकडचं आहे, अमरावतीचं. मग चहा. मग चिवडा. मीच आणलेल्या पेटीतली संत्री सोलत, खोलीभर वास उडवत, बाळंतिणीनं आंबट खायचं नाही यावर चर्चा. बाजेवरच्या बाईला संत्र्याच्या फोडीचा वास येत असेल हे कुणाच्या डोक्यात नाही. तिचं पोट फाडून शिवलं आहे हेही नाही. निघताना एखादी बाई दारातून वळून मोठ्यानं ओरडते, "आराम कर व माय," आणि उंबऱ्याबाहेर जाण्याआधीच शेजारणीला म्हणते, "तोंड पाहिलं काय तिचं? जसं कोणी मेलं."

दुसऱ्या शनिवारी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "रडते हो," त्या म्हणाल्या. "कारण नाही काही. पाजताना रडते. जेवताना रडते. झोपत नाही. पोरीले हातात घ्या म्हटलं तं मागे सरकते."

मी मान डोलावली. मग बाजेजवळ खुर्ची ओढली, आणि या वेळी खुणा न करता खणखणीत आवाजात बायकोला समजावलं. काय समजावलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. तेच भाषण. 'आई होणं म्हणजे स्त्रीचा दुसरा जन्म' इथून सुरुवात केली. तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना म्हणून पुढचे परिच्छेदही घेतले. सवयीनं त्या जागेवर येऊन थांबलो आणि चष्मा काढून पुसला.

ती पापणी न हलवता बघत होती. म्हणाली, "चष्मा फुटला काय?"

दारातून आत्याबाई म्हणाल्या, "पाहा, वारं शिरलंच हाये. बोलते कसं ते पाहा." आणि त्यांनी डब्यातून कापसाचा आणखी एक बोळा काढून बायकोच्या कानात बोटानं दाबून बसवला. मी बाजूला सरकून त्यांना जागा करून दिली.

बारसं महिन्यापुढं ढकललं होतं. थंडी, टाके आणि सासऱ्यांच्या कोर्टातल्या मित्रांची सोय, तिन्ही बघून. गच्चीवर मंडप घातला, कापडी फुलांची कमान केली, आणि साउंडवाला आला. साउंडवाला आला म्हणजे माइक आला. माइक दिसला की माझं काय होतं हे मला जाणणाऱ्या कुणालाही विचारा. पाळणा म्हणून झाला, नाव कानात सांगून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि मी आपण होऊन माइक हातात घेतला.

"या माउलीच्या चेहऱ्याकडे बघा," मी म्हणालो. "या चेहऱ्यावरचं समाधान जगातल्या कुठल्या श्रीमंताला विकत मिळेल?"

सगळ्यांनी बघितलं. ती पाळण्याशेजारी जरीच्या साडीत बसली होती. स्कार्फ उतरवला होता, पण आत्याबाईंनी कापूस काढू दिला नव्हता. वर गजरा, खाली कापूस. गालावरून पाणी सरळ ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. पाळण्याच्या दोरीला तिनं हात लावला नव्हता. मंडपात टाळ्या पडल्या. माझ्या भाषणाला आजवर पडलेल्या टाळ्यांत त्या सगळ्यांत मोठ्या होत्या, आणि मी, जनाची नाही, मनाची नाही, त्या टाळ्यांना मान झुकवली.

पाहुणे पांगल्यावर खोलीत बैठक बसली. बायको बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाळ सासूबाईंच्या मांडीवर. आत्याबाई अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या. सासरे दारात उभे, कारण बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं बसू नये. मी बसलो होतो, कारण जावयाला कोणी उठवत नाही.

"असं किती दिवस चालायचं?" सासूबाई म्हणाल्या. "मांडीवर ठेवली तं लाकडावानी बसते. आज तं सगळ्यायनं पाहिलं."

"सगळ्यायले वाटलं आनंदानं रडली," सासरे म्हणाले. "तेच बरं झालं. कोर्टात उद्या कोणी काही विचारलं तं काय सांगू?"

"पोट्टी झाली म्हणून थोबाड पाडून बसली," आत्याबाई म्हणाल्या. "मी सांगते. आमच्या येळी असे लाड नव्हते."

इथं मी बोललो नसतो तर या गोष्टीत माझी वागणूक नुसती बावळट ठरली असती. पण आमच्या घराण्यात कोणी गप्प बसून मेलेलं नाही. मी म्हणालो, "एक करू. मी बाळाला अमरावतीला घेऊन जातो. वरचं दूध आहे, माझी आई आहे. ही इथं राहू द्या निवांत. सुधारली की आणू." आणि वर, आवाज किंचित खाली आणून, "पोरीला आईच्या मायेची कमी आम्ही पडू देणार नाही."

प्रस्ताव सगळ्यांना पसंत पडला. सासूबाई बाळाचे कपडे कोणत्या पिशवीत भरायचे ते सांगू लागल्या.

बाज करकरली. बायको उठून बसली. तिनं उजव्या कानातला कापूस ओढून काढला, मग डावा, आणि दोन्ही बोळे आत्याबाईंच्या सुपारीच्या ताटलीत ठेवले. पिवळट, तेलकट बोळे. आत्याबाईंचा अडकित्ता थांबला.

"मले ऐकू येते," ती म्हणाली. "रोजच ऐकू येत होतं. कापूस आहे तो, दरवाजा नाही."

सासऱ्यांनी घसा साफ केला.

"आत्या, तू आता म्हणाली ते काही पहिल्यांदा नाही. तांदूळवाल्या काकू आल्या तेव्हाही म्हणाली का पोट्टी झाली म्हणून हिचं थोबाड पडलं. मले पोट्टीच पाहिजे होती. आई, तू मावशीले फोनवर सांगितलं का हिच्यात आईपणच नाही, इकडे माझ्या पायाशी बसून. बाबा, तुम्ही दारातून म्हणाले, वकिलाच्या घरात वेडाचं नाव निघू नये. आन् कोणाचं काय काय सांगू?"

प्रत्येकाचं वाक्य ती त्याच्याच सुरात म्हणत होती. सासूबाईंचा ओढलेला 'नाही', सासऱ्यांचं घसा साफ करणं. वर्गात पोरं मास्तरांची नक्कल करतात तशी, पण हसू न आणता. मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता भाषण. पण तिनं नुसता चष्मा काढून पुसल्याचा अभिनय केला. तेवढंच. तिला चष्मा नाही.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "पण मग कापूस काढला का नाहीस?" साऱ्या जगात विचारण्यासारखं मला एवढंच सुचलं.

"सुरवातीले काढत होती. आत्या पुन्हा कोंबे. मंग वाटलं, राहू द्या. कापूस होता म्हणून तुम्ही सगळे खरं बोलत होते. काढला असता तं 'काय म्हणते आमची राणी' सुरू झालं असतं." तिनं सासूबाईंच्या मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "मले झोप येत नाही. पोरगी झोपली तरी येत नाही. तिले उचललं का वाटते, आता पडते माझ्या हातून, आता काहीतरी होते. घाम सुटते. म्हणून उचलत नाही. नावडते म्हणून नाही. हे मी कोणाले सांगू? तुम्ही खुणा करून राहिले."

आणि मग, अगदी साधेपणानं, दुकानात सामान सांगावं तसं, "तिले नेऊ नका. मले डॉक्टरकडे न्या."

यानंतर कोणत्याही शहाण्या घरात माणसं चपला घालतात. आमच्याकडे वाद सुरू झाला. न्यायचं हे ठरलं, पण कुठं? असल्या डॉक्टरच्या पायऱ्या चढताना आपली मुलगी अकोल्यात कोणाला दिसायला नको, असं सासऱ्यांचं म्हणणं. अमरावतीत एकाहून एक डॉक्टर आहेत, तिकडे दाखवा. मी आईला फोन लावला. ती म्हणाली, "इकडे तुला सगळं गाव ओळखतं. अकोल्यालाच दाखव ना, तिथं कोण आपलं आहे?" दोन्ही घरं आपापल्या शहराची अब्रू वाचवायला दुसऱ्याच्या शहराचं नाव पुढं करत होती. मूर्तिजापूर दोन्हींच्या मधे पडतं. माझ्या सासऱ्यांनी, वयाच्या पासष्टीला आणि वकिलीच्या चाळिशीला, खरोखर विचारलं की मूर्तिजापुरात कोणी आहे का.

आणि मी त्या तोलामोलाच्या चर्चेत दोन्ही बाजूंचे मुद्दे मांडत होतो. फार समतोल मांडत होतो.

"माझा फोन द्या," बायको म्हणाली.

फोन सासूबाईंच्या कपाटात होता, साड्यांखाली. बाळंतिणीनं फोन पाहिला तर डोळे जातात. सासूबाईंनी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांचं लक्ष अजून ताटलीत होतं. सासूबाई उठल्या, बाळ माझ्या हातात कोंबलं आणि फोन आणून दिला. नणंदेला न विचारता त्यांनी केलेली ती बहुधा पहिली गोष्ट असावी. बायकोनं तिचं सिझेरियन केलेल्या डॉक्टरबाईंना फोन लावला आणि आम्हाला जे सांगितलं तेच तीन वाक्यांत सांगितलं. त्या म्हणाल्या, सकाळी या, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मानसोपचारवाल्या डॉक्टर बसतात, मी त्यांना सांगून ठेवते.

सकाळी निघताना मी मफलर बांधला. डोक्यावरून, कानावरून, हनुवटीखाली गाठ. थंडी होती हे खरं. पण मी थंडीसाठी बांधला नव्हता हे बायकोला जिन्यातच कळलं.

"कापूस देऊ काय?" ती म्हणाली.

वरच्या मजल्यावर बाकं होती. समोरच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते, तेही मफलरमधे. शेजारी त्यांची सून असावी, मांडीवर तान्हं बाळ, नजर फरशीवर. गृहस्थांच्या मफलरमधून दिसणारे दोन डोळे ओळखीचे वाटले. मोर्शीच्या एका मंडळाचे अध्यक्ष. गेल्या नवरात्रात त्यांनीच माझ्या खांद्यावर शाल घातली होती. मोर्शीत दिसू नये म्हणून अमरावती ओलांडून अकोल्यापर्यंत आले होते. आम्ही दोघांनी एकमेकांना न ओळखायचं ठरवलं, आणि ठरवल्याचं दोघांनाही दिसलं.

बऱ्याच वेळानं त्यांना राहवलं नाही. "सर, कानाचं काय?"

"कानाचंच," मी म्हणालो. "तुमचं?"

"आमचंही कानाचं."

बायको आणि त्यांची सून, दोघींनी एकाच वेळी वर पाहिलं. एकमेकींकडे. माझ्या बायकोच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. महिनाभरात पहिल्यांदा. त्याचं श्रेय मला नको, पण दुसऱ्या कोणाला देताही येत नाही.

आत डॉक्टर होत्या, माझ्याहून वयानं लहान, हळू बोलणाऱ्या. त्यांनी बायकोला विचारलं, झोप कशी आहे? मी म्हणालो, "झोपेचं म्हणाल तर मुळातच तिचा पिंड..." त्यांनी विचारलं, जेवण? मी म्हणालो, "माहेरी असल्यामुळे त्याची तशी..." त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सर, बाळंतपण तुमचं झालं काय?"

मला बाहेर बसवलं. दार जाड होतं. आतलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. शेजारी मोर्शीचे अध्यक्ष मफलर आवळून बसले होते, आणि आम्ही दोघं, एक मानधनावर गावंच्या गावं रडवणारा आणि एक त्याला शाल घालणारा, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. किती वेळ गेला कोण जाणे. पुष्कळ गेला. एवढं तिच्याजवळ बोलण्यासारखं साठलं होतं आणि मी दर शनिवारी येऊन पाळण्याच्या खुणा करून गेलो होतो.

मग मला आत बोलावलं. बायकोचं नाक लाल झालं होतं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. हा आजार आहे. पुष्कळ बायकांना होतो. वारं नाही, हट्ट नाही, मुलगी झाली म्हणून नाही. बाळ हातून पडेल ही भीती आजाराचा भाग आहे, तिचा स्वभाव नाही. अंगावर पाजताना चालेल असं औषध देते, गुण यायला काही आठवडे लागतील. तिला सलग झोप द्या. बाळ तिच्यापासून तोडू नका, पण सगळं तिच्या एकटीवर टाकूही नका. कोणीतरी सोबत असू द्या. मनात जास्त वाईट विचार आले तर वाट न पाहता लगेच या. दर आठवड्याला भेटू. आणि तिच्याबद्दल तिच्यासमोर बोलणं बंद.

"तुम्हाला जमेल काय, तिचं नुसतं ऐकून घेणं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, जमेल. आणि ते कसं जमेल यावर थोडा वेळ बोललो.

कॉलेजात रजा टाकली आणि अकोल्याला राहिलो. या वेळी मागितली, आणि मिळाली. संध्याकाळी एक पाजणं वाटीचमच्यानं मी सांभाळायचं, म्हणजे तिला लागून झोप मिळेल. पहिल्या दिवशी निम्मं दूध पोरीच्या मानेत आणि निम्मं माझ्या शर्टावर. ढेकर काढायला पाठ थोपटली ती सत्काराच्या वेळी थोपटतात तशी. पोरगी दचकून किंचाळली. दुपटं बांधलं ते चालता चालता सुटलं. मी दोरीवर लंगोट वाळत घालत असताना आत्याबाई आल्या, फाटकातच उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या. जावई माणूस सासरी लंगोट धुऊन राहिला, ही बातमी त्यांनी दोन गल्ल्यांत इतक्या मनापासून पसरवली की लोक आता बाळाऐवजी मला पाहायला येऊ लागले. सासूबाईंनी एक काम मात्र चोख केलं. येणाऱ्याला दारातच बसवायचं. पहिले विचारायचं, "कोणाले पाहाले आले?" बाळाला, असं उत्तर आलं की, "बाळ झोपलं."

खिडकीवरचं ब्लँकेट काढलं. बायको खुर्चीत बसून संत्रं खायची. रोज एक. बाळाला सर्दी झाली नाही. झाली असती तर आत्याबाईंनी दिंडी काढली असती.

गुण एकदम आला नाही. कोणी तसं सांगत असेल तर तो माझ्यासारखा वक्ता समजावा. चार दिवस बरे जात आणि पाचव्या दिवशी ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडे. औषधानं तोंड कोरडं पडतं म्हणून ती चिडायची. मी तिच्याजवळ बसायचो. बोलायला तोंड उघडलं की ती नुसतं बघायची, मी मिटायचो. आधी ती पोरीला मांडीवर घेऊन बसायची, मी बाजूला हात धरून. मग हात न धरता. मग मी दारात उभा. एकदा मी अंघोळीला गेलो आणि आलो तर पोरगी तिच्या खांद्यावर झोपली होती, आणि ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "असे काय उभे राहिले भुतावानी. टॉवेल बदला, गळून राहिला."

आता आम्ही अमरावतीत आहोत. पोरीला बसता येतं. गोळ्या हळूहळू कमी करत आणल्या आहेत. डॉक्टरांकडे अजून जातो, मफलरशिवाय.

परवा आत्याबाई आल्या. परतवाड्याला कोणाची तरी भाची बाळंत झाली आहे, तिकडे जाताना वाट वाकडी करून आमच्याकडे चहाला. पिशवीत डिंक, ओवा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला कापसाचा मोठा गुंडाळा. बायकोला नखशिखांत न्याहाळून त्या माझ्या आईला सांगू लागल्या, "पाहा, कशी टवटवीत झाली. मी म्हटलंच होतं. येळेवर कापूस घातला म्हणून वाचली. नाईतं वारं डोक्यात गेलं असतं."

आईनं मान डोलावली. आमच्या घरात मान डोलावणं फुकट असतं.

मी आतल्या खोलीत कुडता चढवत होतो. संध्याकाळी कॉलनीच्या मंडळात व्याख्यान होतं. विषय विचारू नका. सोडून देईन असं मी जाहीर केलं होतं, पण वक्ता ऐनवेळी आला नाही आणि आपल्या शब्दाला जागणं मला कधी जमलेलं नाही. एवढं केलं की चष्म्याची जागा गाळली आणि तिथं, नाव न घेता, कापसाची गोष्ट घातली. आरशासमोर ती हळू आवाजात म्हणून बघत होतो. म्हणजे मला तरी तो हळू वाटत होता.

बाहेर बायको पोरीला एका हाताने कमरेवर अडकवून दुसऱ्या हाताने चहा गाळत होती. पोरगी मागे झुकून गाळणीकडे झेपावत होती, आणि बायकोनं न बघता, बोलता बोलता, नुसत्या कोपरानं तिला परत आत ओढलं. मी दाराच्या फटीतून पाहत होतो. माझा आवाज बंद पडला.

"आत्या," ती म्हणाली, "त्या गुंडाळ्यातला थोडासा तोडून ठेवजो."

"आता कायले व? तुले कायचं वारं?"

"मले नाही. कॉलनीतल्या बायायले वाटाले पाहिजे. यांचं आज भाषण आहे."